परक्याचे डोळे आणि नाथांचं गाढव



आजचा श्लोक गीतेच्या पाचव्या अध्यायातला अठरावा. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना तो पाठ असेल. विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि कुत्र्याचं मांस शिजवून खाणारा माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी लोक एकाच नजरेनं बघतात, एवढाच त्याचा अर्थ. भगवंत इथे सारखं वागायला सांगत नाहीत हे आधी लक्षात घ्या. हत्तीचा चारा कुत्र्यापुढे टाकून काय उपयोग? बोलणं बघण्याबद्दल चाललंय. माऊली या श्लोकावर बोलताना आणखी एक पाऊल पुढे जातात. चिलट आणि हत्ती हा भेद तर राहत नाहीच, पण हा परका आणि हे माझं लेकरू हा भेद तरी उरेल कुठे, असं ते विचारतात.

परका या शब्दावर मी अडकलो. त्याला कारण आपल्या शनिवारच्या वाचनातला एक प्रश्न. आपला एक मित्र गोव्याहून सुट्टी काढून आला होता. तिथे किनाऱ्यावर इंग्रज म्हातारे-म्हाताऱ्या भटक्या कुत्र्यांना औषध लावताना त्यानं पाहिले. त्यानं विचारलं, "दादा, ज्यांच्या ताटात गाय असते त्यांची भूतदया कसली? आणि आपण त्यांचं कौतुक का करायचं?" वाचनात वेळ संपली होती, म्हणून उत्तर इथे लिहितोय. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी त्याचं बरोबर आहे ते मान्य करू. एका हातानं कुत्र्याच्या जखमेवर मलम आणि दुसऱ्या हातात बर्गर, ही विसंगतीच आहे. पण विसंगती दाखवता आली म्हणजे मलम खोटं ठरत नाही. आपल्या मराठवाड्यात पोळ्याला बैलाच्या खांद्यांना तूप-हळद लावतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी भरवतात. तोच बैल दुसऱ्या दिवशी पराणीची टोच खात औताला असतो, आणि दुष्काळ पडला की तोच सगळ्यात आधी बाजारात उभा राहतो. म्हणून पोळ्याचा घास खोटा का? माझ्या आजीच्या डोळ्यांत तेव्हा पाणी यायचं ते मी पाहिलंय. खोटं नव्हतंच ते. माणसाची नजर एका जागी उघडी आणि दुसऱ्या जागी मिटलेली असते. इंग्रजाची तशी, आपलीही तशीच. ताटावरून हिशोब करायचा म्हटला तर या श्लोकाचीच अडचण होईल, कारण त्यातला शेवटचा माणूस काय शिजवून खातो ते भगवंतांनी त्याच्या नावातच सांगितलंय आणि तरी त्याला यादीतून काढलेलं नाही.

आता गोव्याचं. २०२२ च्या हिवाळ्यात मी दोन महिने आगोंदला राहून काम केलं. माझ्या खोलीशेजारी एक निवृत्त इंग्रज जोडपं होतं. दरवर्षी ऑक्टोबरात येऊन मार्च संपताना परत जाणारं. त्यांचा दिवस मला पाठ झाला होता, कारण माझी पहाटेची जपाची वेळ आणि त्यांची निघायची वेळ एकच. सहाला बाई पिशवीत भात आणि कोंबडीचे तुकडे घेऊन निघायच्या, मागून काका गोचिडांच्या औषधाची बाटली घेऊन. कुठल्या कुत्रीला खरूज झालीय, कुठली व्यालीय, कुठल्या कुत्र्याचा कान कापलेला आहे म्हणजे नसबंदी झालेली आहे, सगळं त्यांना माहीत. नावं ठेवलेली, चार्ली काय, डेझी काय. संध्याकाळी त्यांच्या ओळखीचे आणखी चार-पाच जण जमायचे. व्हिसा, वीज जाणं, पाण्याचा टँकर, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि मग कुत्री. दोन महिन्यांत एक संध्याकाळ अशी गेली नाही की कुत्र्यांचा विषय निघाला नाही. आपल्या पारावर पाऊस-पाण्याचं बोलणं चालतं ना, तसं.

हा काही आजचा प्रकार नाही. जॉन आणि जो हिक्स या इंग्रज जोडप्यानं १९९८ मध्ये उत्तर गोव्यात आसगावला इंटरनॅशनल अॅनिमल रेस्क्यूचं केंद्र सुरू केलं. उदयपूरला अॅनिमल एड अनलिमिटेड आहे. ती २००२ मध्ये जिम मायर्स आणि एरिका अब्राम्स या अमेरिकन नवरा-बायकोनी उभी केली. त्यांच्याही आधी क्रिस्टल रॉजर्स नावाच्या इंग्रज बाई होत्या. १९५९ मध्ये दिल्लीत त्यांनी प्राण्यांसाठी आसरा काढला, मग जयपूरला, मग म्हातारपणी बंगळुरूला. तीन शहरांत तीन संस्था मागे ठेवून त्या गेल्या. राधाकुंडला जखमी गाई सांभाळणाऱ्या सुदेवी माताजी तुम्हाला ठाऊकच असतील. त्या मूळच्या जर्मन. २०१९ ची पद्मश्री त्यांना मिळाली तेव्हा आपल्या ग्रुपवर किती हात जोडले गेले होते!

मग प्रश्न पडतो की बाहेरून आलेल्यालाच हे का दिसतं? माझं उत्तर कामातून आलेलं आहे. आमच्याकडे नवा माणूस टीममध्ये आला की पहिल्या आठवड्यात तो हमखास विचारतो, "ही एरर रोज का येते?" आणि सगळे म्हणतात, "ती? ती येतेच. तिच्याकडे लक्ष नको देऊस." महिन्याभरानं त्यालाही ती दिसेनाशी होते. रस्त्याकडेच्या लंगड्या कुत्र्याचं असंच आहे. नवख्याच्या डोळ्यांना सवयीची झापड नसते, एवढंच. त्यात पुण्य नाही की थोरवी नाही, आणि गोऱ्या कातडीशी तर त्याचा काही संबंध नाही.

तसा संबंध लावणाऱ्यांनी आपल्याच मुंबईचा इतिहास बघावा. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत मोठा दंगा झाला होता, कुत्र्यांवरून. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायची आणि मारलेल्या कुत्र्यामागे इनाम द्यायचं, असा इंग्रज सरकारचा हुकूम होता. पोलिसांनी फोर्ट भागात कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले. कुत्रा त्यांच्या धर्मात पवित्र. मग इतर समाजाचे लोकही त्यांच्या बाजूनं आले, दुकानं बंद झाली, गोऱ्या पलटणीची रसद अडली. म्हणजे तेव्हा परक्याला कुत्र्यात फक्त उपद्रव दिसला आणि घरच्यांना जीव दिसला. पुढे १८७४ मध्ये त्याच मुंबईत प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी सोसायटी स्थापन झाली, आणि परळचं जनावरांचं इस्पितळ ज्या बाई साकरबाईंच्या नावानं ओळखलं जातं ते पेटिट घराणं पारशीच. कोण परका आणि कोण घरचा यावरून दयेचं माप काढता येत नाही. दर पिढीत पारडं फिरतं.

आता दुसरा आक्षेप. तो मला ताटाच्या आक्षेपापेक्षा जास्त खरा वाटतो, पण तो फारसा कुणी घेत नाही. परक्याच्या दयेकडे परतीचं तिकीट असतं.

आगोंदचं ते जोडपं मार्चअखेर जातं. मग पावसाच्या तोंडावर किनाऱ्यावरचे शॅक उतरवले जातात. बांबू, झावळ्या, टेबलं, सगळं बांधून ठेवतात. ज्या कुत्र्यांना सहा महिने रोज दोन वेळा खायला मिळालं, त्यांना जून उजाडताना एकदम काहीच मिळत नाही. आमच्या घरमालकीणबाई सांगत होत्या, पावसाळ्यात ती सगळी कुत्री गावात येतात. कुणाच्या कोंबड्या मारतात, लोकांच्या शिव्या खातात. बाई स्वतः रोज थोडा जास्तीचा भात लावतात आणि माशांचे काटे घालून मागच्या दारी ठेवतात. त्याला त्या भूतदया वगैरे म्हणत नव्हत्या. जोडप्याबद्दल त्यांचा रागही नव्हता. माणसं चांगली आहेत, म्हणाल्या, पण पाऊस त्यांनी कधी पाहिलेला नाही.

हे वाक्य मी तेव्हाच मोबाइलवर लिहून ठेवलं. कुणाकुणाची माया इतकी जडते की ते कुत्रंच बरोबर घेऊन जातात. चिप बसवायची, रेबीजची लस द्यायची, महिन्यानं रक्त तपासायचं, मग तीन महिने थांबायचं, तेव्हा कुठे ते इंग्लंडात उतरतं. खर्च लाखांच्या घरात जातो. एका चार्लीचं भलं होतं आणि उरलेले किनाऱ्यावर असतात. मला त्याची चेष्टा करायची नाही. एकाचं भलं हे भलंच आहे. पण श्लोक डोळ्यांबद्दल बोलतो आहे, आणि ज्याला नाव ठेवलं तेवढंच दिसणं हे 'माझं लेकरू' झालं. माऊली नेमका तोच भेद पुसतायत.

तिसरा आक्षेप आमच्या गावाकडून येतो आणि तो आवाज चढवून येतो. माझं गाव चितेगाव, संभाजीनगर-पैठण रस्त्यावरचं. पैठण तालुका म्हणजे दुष्काळ, आणि दुष्काळ म्हणजे ऊसतोडीला जाणारी माणसं. मराठवाड्यातून हजारो जोडपी दिवाळीनंतर सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांवर जातात, लेकरांना आणि बैलांना घेऊन. त्याच सांगली-सोलापूर भागात अॅनिमल राहत नावाची संस्था काम करते. पेटाच्या इंग्रिड न्यूकर्क यांनी ती सुरू केली. बाई जन्मानं इंग्रज, लहानपणी वडिलांच्या नोकरीमुळे दिल्लीत राहिलेल्या. संस्थेचे डॉक्टर ऊस ओढणाऱ्या बैलांवर आणि वीटभट्टीवरच्या गाढवांवर उपचार करतात. मी हे गावात एकदा बोललो तर एक काका उसळून म्हणाले, "बैलाला डॉक्टर आला. गाडीवानाला कोण बघणार?"

बैलगाडा शर्यतींच्या बंदीचा राग आमच्याकडे अजून गेलेला नाही, तो त्या बोलण्यात होता. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात परत परवानगी दिली. मधली सात वर्षं पेटा हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरला जायचा. पण राग बाजूला काढला तरी काकांचा प्रश्न तसाच उभा राहतो. ज्या बैलाच्या खांद्याला सूज आलीय त्या बैलाच्या मागे बसलेल्या माणसाच्या पायालाही भेगा आहेत, आणि त्याची बायको सातव्या महिन्यात मोळ्या उचलतेय. एकाची जखम दिसते आणि दुसऱ्याची दिसत नाही, त्या नजरेला समदृष्टी म्हणता येईल का?

इथे मला आमच्या शेजारी जावं लागतं, पैठणला. नाथांच्या गाढवाची कथा सगळ्यांनी ऐकलेली असते, नाथषष्ठीला तर ती कीर्तनाकीर्तनात असते. गंगेचं पाणी कावडीत भरून रामेश्वराला निघालेले यात्रेकरू, वाटेत वाळूत पाण्याविना तडफडणारं गाढव, आणि नाथांनी ती कावड त्याच्या तोंडात रिकामी करणं. ही कथा सांगताना भर नाथांच्या मोठेपणावर असतो. मी एक वेगळी गोष्ट बघायला सांगतो. मी लहानपणापासून ऐकलेल्या कथेत नाथ तिथे वाटसरू आहेत. ती जागा त्यांची नाही, गाढव त्यांचं नाही. त्या वाटेनं रोज जाणारे-येणारे असतीलच, गाढवाचा कुणी मालकही असेल. त्यांच्यापैकी कुणी थांबलेलं नाही. थांबला तो बाहेरचा माणूस. आगोंदच्या त्या इंग्रज बाई ज्या जागी उभ्या आहेत, त्या जागी कथेत आपले नाथ उभे आहेत! परक्याला अधिकार काय, असं म्हणणाऱ्यानं आधी नाथांना तो प्रश्न विचारावा.

आणि नाथांनी दिलं ते काय होतं? उरलेलं पाणी नव्हतं ते. देवासाठी राखलेलं, शेकडो कोस खांद्यावर वाहिलेलं पाणी, सगळ्या यात्रेचं कारणच. बरोबरचे यात्रेकरू नाराज झाले ते काही दुष्ट होते म्हणून नाही. त्यांच्याही खांद्यावर तीच कावड होती आणि ती रिकामी करणं म्हणजे काय हे त्यांना बरोब्बर माहीत होतं.

पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर या कथेत नाही. ते नाथांच्याच दुसऱ्या कथेत आहे, जी कमी सांगितली जाते. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक महाराचं लहान मूल चुकलं होतं, पाय पोळत होते, रडत होतं. त्या काळी पैठणात ब्राह्मणानं त्याला शिवणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. नाथांनी त्याला कडेवर उचललं आणि त्याच्या घरी पोचवलं. गाढव वाळूत आणि हे मूलही वाळूत. थांबणारा माणूस तोच. या दोन कथा एकत्र ठेवल्याशिवाय आजचा श्लोक पुरा होत नाही, कारण श्लोकातही कुत्रा आणि कुत्रा शिजवणारा माणूस शेजारी-शेजारीच आहेत. नुसतं गाढव घेतलं तर काकांचा राग रास्त ठरतो. नुसतं मूल घेतलं तर 'आधी माणसाचं बघू' म्हणत आपण जनावराला कायमचं रांगेत शेवटी उभं करतो, आणि माझा अनुभव असा की असं म्हणणारे माणसाचंही फारसं बघत नाहीत.

दोन्ही एका नजरेत बसवणारं काम कसं दिसतं? मला ते गोव्यातच दिसलं. ल्यूक गॅम्बल या इंग्रज पशुवैद्यानं २०१३ मध्ये मिशन रेबीज सुरू केलं. गोव्यात त्यांची माणसं सरकारच्या साथीनं गल्लीगल्लीत जाळी घेऊन फिरतात, कुत्रं पकडतात, लस टोचतात, अंगावर रंगाची खूण करतात आणि तिथेच सोडून देतात. प्रत्येक कुत्र्याची नोंद फोनवरच्या अॅपमध्ये, जागेसकट. कुठल्या वाडीत किती झाली आणि किती राहिली ते नकाशावर दिसतं. (हो, मी ते बघून खूश झालो. स्वभाव आहे.) शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, आणि ते दरवर्षी पुन्हा करावं लागतं, कारण पिल्लं जन्मत राहतात. लस टोचणारे हात बहुतेक इथल्याच पोरांचे. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं, असं होणारं देशातलं पहिलं राज्य. आता सांगा, हे काम कुत्र्यासाठी झालं की माणसासाठी? जागतिक आरोग्य संघटना सांगते की पिसाळल्याचा संशय असलेलं जनावर ज्यांना चावतं त्यांत शंभरातली चाळीस पंधरा वर्षांखालची लेकरं असतात. कुत्र्याच्या मानेला टोचलेली सुई कुठल्या तरी वाडीतल्या पोराला वाचवते. तिथे नाथांचं गाढव आणि नाथांनी उचललेलं मूल एकाच सुईत येतात.

या कामात हात फिरवणं नाही, चार्ली-डेझी नाही, फोटोही फारसा चांगला येत नाही. जाळीत सापडलेलं कुत्रं ओरडतं, चावायला येतं. बघणाऱ्याला ते क्रूरच वाटेल.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये कुत्र्यांवरून देशभर झालेलं भांडण आठवतंय ना? ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ तारखेला तो हुकूम बदलला. नसबंदी आणि लस झालेली कुत्री त्याच भागात परत सोडायची, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून. खाऊ घालायला जागा ठरवून द्यायच्या. त्या अकरा दिवसांत माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज येत होते. एकात चावलेल्या मुलाचा फोटो, दुसऱ्यात पिंजऱ्यातल्या कुत्र्याचा. दोन्ही फोटो एकाच माणसानं पाठवलेत असं एकदाही झालं नाही.

त्या मित्राच्या प्रश्नावर परत येतो. कौतुक करायचं का? माझं मत, करावं, मोकळेपणानं करावं. जो थांबला त्याला नमस्कार करायला त्याचा पासपोर्ट कशाला बघायचा? पण कौतुक करून सुटका करून घेऊ नये. "त्या गोऱ्या बाई बघा किती करतात" असं म्हणून पुढे जाणं हाही न थांबण्याचाच प्रकार आहे. जून लागला की बाई नसतात. तेव्हा भात कुणी लावायचा, जाळी कुणी धरायची, ग्रामपंचायतीकडे नसबंदीची मागणी कुणी करायची, हे सगळं जो पाऊस बघतो त्याच्याच वाट्याला येणार.

आमच्या चितेगावचंच सांगतो. टीव्हीचा मोठा कारखाना चालू होता तेव्हा गेटजवळची कुत्री कामगारांच्या डब्यांवर जगायची. कारखाना थांबला, कामगार पांगले. आता त्या रस्त्यावरच्या एका गोदामाला बिहारचा एक वॉचमन आहे. तो रोज रात्री आपल्या पोळ्यांबरोबर दोन जाड पोळ्या जास्तीच्या लाटतो आणि तुकडे करून कुत्र्यांना टाकतो. तोही परकाच की. घरी आई-बाप, बायको, वर्षातून एकदा गावी जाणं. मी गावी असलो की आई त्याच्यासाठी भाजीचा डबा माझ्या हाती देते, म्हणते त्या पोराला कोरडी पोळी उतरत नसेल. आईला पाचवा अध्याय पाठ नाही.

उद्या एकोणिसावा श्लोक. ज्यांचं मन या साम्यात टिकून राहतं त्यांच्याबद्दल तो आहे, म्हणजे आजचाच धागा पुढे जातो. शनिवारी साडेसातला वाचन आहे. प्रश्न विचारणाऱ्या मित्रानं यावं, आणि हे पटलं नसेल तर नक्की यावं.

राम कृष्ण हरी.